मेन पाडल्याच्या वेळा

मुखेड,
६ नोव्हेंबर २०२५

राजूदादा आणि मावशी, शरणु शरणार्थी.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. दुकानातला कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू होताना डिस्क तपासायला मागतो, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मी पंधरा दिवस कॅलेंडरवर खुणा केल्या. पाच सकाळी तो संदेश आला, दहा सकाळी आला नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि तपासणी नको असेल तर कुठलंही बटण दाबा म्हणून दहापासून उलटी मोजणी. त्रासून मी ‘रोज’ लिहिलं. शाळेत घालायच्या आधी मावशीनं घरी पाटीवर शिकवलं, तेव्हाच सांगितलं होतं की त्रास झाला म्हणून आकडा वाढवायचा नाही.

तू इथं आला नाहीस म्हणून नीट सांगते. घराच्या पुढच्या खोलीत माझे थोरले दीर बसवराज भावजी यांचं ऑनलाइन सेंटर आहे. फॉर्म भरायचं काम माझं, झेरॉक्स जाऊबाईंची, म्हणजे आरतीअक्कांची. मागच्या खोलीत सासरे असतात. आमचे मालक नांदेडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहेत, रविवारी येतात. ओटीपी येतात म्हणून माझा फोन दिवसभर भावजींच्या खिशात असतो, आणि भावजी फोनवरचं सगळं ऐकतात. म्हणून पत्र.

संदेश आला की मी बटण दाबून तपासणी टाळते, कारण दारात गिऱ्हाईक उभं असतं. सोमवारी त्यातच सात मुलींचे भरलेले शिष्यवृत्तीचे फॉर्म पुसले गेले. भावजी म्हणाले, “पुन्हा अडलं तर बघून घेतो.” कुणाला, ते म्हणाले नाहीत.

काय करू ते लिही.

तुझी मंजुश्री

*

लातूर,
१० नोव्हेंबर

मंजू,

तुझं पत्र आईनं दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, एकदा अक्षरासाठी. अक्षराला पास केलंय.

आता ऐक. मशीन नीट बंद केलं तर ते आपला पसारा आवरून झोपतं. मधेच करंट गेला तर लिहिता लिहिता हात धरल्यासारखं होतं. मग दुसऱ्या दिवशी उठल्यावर ते विचारतं, काल काय अर्धवट राहिलं ते बघू का? तू बटण दाबून म्हणतेस, गप बस. ते गप बसतं, पण दुखणं राहतंच. म्हणून एक नियम कर: तपासणी कधीच टाळू नकोस. अर्धा तास लागला तर लागू दे. गिऱ्हाईकाला चहा पाज.

कारण मला बसल्या जागी दिसायलंय. मुखेडची लाईट! आमच्या लातुरात पाणी नसतं, तुमच्याकडं लाईट नसते, म्हणजे सोयरीक बरोबर जुळली.

तरी खात्री करू. इव्हेंट व्ह्यूअर उघड, त्यात सिस्टीम. मशीन अचानक बंद पडलं की तिथं एक ओळ पडते, तारीख आणि वेळेसकट. ती डायरी मशीन स्वतःच लिहितं, कुणी सांगावं लागत नाही. मागच्या महिन्यातल्या तसल्या ओळी उतरवून पाठव. शेजारी लाईट कधी गेली होती तेही लिही.

बसवराज भावजींना माझा नमस्कार. मशीनवर राग काढू नका म्हणावं.

राजशेखर

*

मुखेड,
१५ नोव्हेंबर

राजूदादा,

लाईट जाते, हे तू लिहिलं होतंस ते चूक निघालं.

तू सांगितल्याप्रमाणे एक महिन्याच्या ओळी उतरवल्या. नऊ आहेत. वेगळ्या कागदावर तारीख-वेळ लिहून सोबत जोडल्या आहेत. त्यातल्या आठ दुपारी दोन ते तीनच्या मधल्या आहेत. त्याआधीच्याही ओळी आहेत, तू मागितल्या नाहीस म्हणून उतरवल्या नाहीत, पण मोजल्या. एप्रिलपासून एकूण एकतीस.

शेजारी सिंधुबाईंची पिठाची गिरणी आहे. एकाच खांबावरून दोघांची लाईन. मी त्यांना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, “ह्या दिवशी माझी गिरणी चालूच होती की. दुपारी बाया दळण घेऊन बसलेल्या असत्यात. लाईट गेली असती तर माझ्याच नावानं ओरडल्या असत्या.” नऊपैकी एकाही वेळी लाईट गेली नव्हती.

म्हणजे करंट फक्त आमच्या दुकानातला जातो. मेन बंद होतो.

तपासणी एकदा पूर्ण होऊ दिली, चाळीस मिनिटं लागली. भावजी पूर्ण वेळ खुर्चीमागं उभे होते. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा संदेश.

झेरॉक्स सध्या मीच काढते. आरतीअक्कांच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे, डॉक्टरांनी पंधरा दिवस आवाजापासून लांब राहा म्हटलंय.

मंजुश्री

*

लातूर,
१९ नोव्हेंबर

मंजू,

एकतीस वेळा? ते मशीन जिवंत आहे हेच नवल. एवढा मार माणसानं खाल्ला नसता.

आता रोग सापडला. दुपारी दोनला तुमची झेरॉक्स, पंखा, सगळं एकदम चालतं, मेनला लोड झेपत नाही, तो पडतो. वायरिंग बदलायला सांग. तोवर मी आजच्या मुखेड गाडीवर पार्सल टाकतोय. माझ्या दुकानातला यूपीएस आहे, जुना पण बॅटरी नवी. मेन पडला तरी वीस मिनिटं मशीन चालू राहील. कॉम्प्युटरची वायर त्यात लाव. तू दुकानात कॅमेरा असल्याचं एकदा म्हणाली होतीस. त्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यातही अशीच डिस्क असते, तिचाही जीव जात असेल. ती वायरही त्यातच लाव.

आरतीअक्कांच्या कानाला काय झालं? आई म्हणते, सर्दी उतरली असेल, लसणाचं तेल कोमट करून घाला. मी म्हटलं, पडदा फाटलाय तर तेल घालू नका.

पैसे पाठवलेस तर पार्सल परत मागवीन.

राजशेखर

*

मुखेड,
३ डिसेंबर

राजूदादा,

अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हाताचं आहे. उत्तर घरी पाठवू नकोस. ‘सिंधुबाई, पिठाची गिरणी’ एवढ्या पत्त्यावर पाठव. त्यांनी फोन दिला होता, पण फोनवर मला रडू येईल आणि चुकीचं बोललं जाईल.

आधी दुरुस्ती. ‘मेन बंद होतो’ असं मी लिहिलं. मेन आपोआप बंद होत नव्हता. बसवराज भावजी तो पाडत होते. हे मला पहिल्या पत्राच्या आधीपासून माहीत होतं. डिस्कच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही असं मी मनाला समजावलं आणि लिहिलं नाही.

पद्धत अशी होती. दुपारी शेवटच्या गिऱ्हाईकाला ते सांगायचे, “लाईट गेली मामा, चारला या.” मग शटर खाली. मग बोर्डापाशी जाऊन मेन पाडायचे, कारण दुकानात कॅमेरा आहे आणि तो त्यांनीच बसवलेला आहे. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला की ते आरतीअक्कांकडे वळायचे. एवढं सावकाश करायचे की अक्कांना बांगड्या काढून ठेवायला वेळ मिळायचा. त्या काढून ठेवायच्या. नाहीतर काचा मनगटात जायच्या.

कारणं लिहीत नाही, कारण ती दर वेळी वेगळी होती. झेरॉक्स वाकडी आली. एक गिऱ्हाईक हसलं.

तुझा यूपीएस मी लावला, दोन्ही वायरी त्यात लावल्या. मेजाखाली ठेवला. भावजींना सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. तो आठवडा त्यांनी मेन पाडला नाही.

गुरुवारी, २७ नोव्हेंबरला, त्यांनी शटर ओढलं आणि मेन पाडला. अक्कांनी बांगड्या काढायला हात वर केला तोच त्यांनी वेणी धरून मुठीला दोन वेढे दिले आणि तोंडावर मारायला सुरुवात केली. तीन की चार, मी मोजले नाहीत. तेवढ्यात मेजाखालून आवाज आला. टूं. थोडं थांबून पुन्हा टूं.

ते थांबले. “काय वाजायलंय?”

स्क्रीन चालू होती. त्यांनी वर बघितलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.

“मेन पाडला तरी चालू कसं हाय हे?”

मी म्हणाले, “लातूरहून दादानं यूपीएस पाठवला. मशीन अचानक बंद पडू नये म्हणून.”

“कॅमेरा बी?”

“हो.”

दादा, मला ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. मी हो म्हणाले.

त्यांनी अक्कांना वेणीसकट फिरवून कॉम्प्युटरच्या डब्यावर आपटलं. डब्याच्या कोपऱ्यावर जबडा लागला. फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. डबा चालू होता तो खाली पडला आणि आतून टक-टक सुरू झालं. अक्कांनी ओरडायला तोंड उघडलं, ते मिटलंच नाही. मग भावजींनी कॅमेऱ्याचा डबा उपटला, आतून वरवंटा आणला आणि फरशीवर ठेवून ठेचला, मसाला वाटतात तसा, कण होईपर्यंत.

मग मला म्हणाले, “कंच्या हातानं वायर लावलीस?”

मी उजवा हात मागं घेतला, त्यावरूनच त्यांना कळलं. त्यांनी तो उंबऱ्यावर दाबून धरला, मनगटावर पाय दिला आणि शटर खाली ओढलं. मग वर उचललं आणि पुन्हा ओढलं. तीन बोटं मोडली आहेत. अंगठा आणि करंगळी बरी आहेत.

मागच्या खोलीत सासरे तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते. डोळे मिटलेले होते. पूजा त्या दिवशी फार लांबली.

अक्का नांदेडच्या दवाखान्यात आहेत. जबडा तारेनं बांधलाय, त्यांना बोलता येत नाही. लिहायला कागद दिला की भावजी तो आधी आपल्या हातात घेतात. दवाखान्यातून कळवल्यावर पोलीस आले. भावजींनीच सगळं सांगितलं: लाईट गेली होती, जिन्यात अंधार होता, अक्का पडल्या, त्यांना धरायला मी गेले आणि मीही पडले. तो माझा जबाब म्हणून लिहिला गेला. मला वाचून दाखवला. उजव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून मी डावा अंगठा दिला.

दादा, मावशीनं मला ज्या दिवशी माझं नाव लिहायला शिकवलं, त्या दिवशी म्हणाली होती, आता तुला कधी अंगठा द्यावा लागणार नाही. तिला हे वाचून दाखवू नकोस.

मंजुश्री

*

लातूर,
६ डिसेंबर

मंजू,

आईला वाचून दाखवलं. मी वाचताना थांबलो तेव्हा तिनं पत्र हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं.

यूपीएस मी पाठवला. कॅमेऱ्याची वायर लाव असं मी लिहिलं. एकतीस वेळा म्हणून मी चेष्टा केली.

मी गाडी काढली होती. चार जण तयार होते. त्याच उंबऱ्यावर त्याचे दोन्ही हात ठेवायचे आणि शटर ओढायचं, एवढंच डोक्यात होतं. आई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, “पोरगी त्या घरात हाय. तू त्याचे हात मोडून लातूरला येशील. रात्री ती कुठं जाईल?” मग पोलिसांना फोन लावायला गेलो तर म्हणाली, “मंजूनं दुसरंच सांगितलंय असं ते म्हणतील. आधी तिला बाहेर काढ.”

म्हणून आता फक्त कामाचं लिहितो.

तो जबाब ‘लाईट गेली होती’ ह्या एकाच गोष्टीवर उभा आहे. त्या दिवशी लाईट होती हे सिंधुबाई सांगतील. पण त्याहून मोठं म्हणजे ती डायरी. कॅमेरा बंद करायला त्यानं मेन पाडला, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या मशीननं वेळ लिहून ठेवली. त्याला हे माहीत नाही. एकतीस ओळी आहेत. अक्कांच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर तारखा असतील, त्या शेजारी ठेवल्या की झालं.

टक-टक करणारी डिस्क काही वेळा तरी वाचता येते. पण जितकी चालवाल तितकी मरत जाते. मी तुला तपासणी कधीच टाळू नको म्हटलं होतं. आता उलटं सांगतो: तपासणी होऊ देऊ नका, आणि जमलं तर चालूच करू नका.

डिस्क काढायला डाव्या बाजूचं झाकण उघड. दोन वायरी, चार स्क्रू. तळहाताएवढी पेटी आहे, अर्ध्या शेराची. काढलीस तर मला देऊ नकोस. मी उघडली तर भावानं बनवलं म्हणतील. ती थेट पोलिसांच्या हातात, पंचांसमोर, पावती घेऊन.

आणि तुझी पत्रं माझ्याकडं आहेत. पाकिटांवर पोस्टाचे शिक्के आहेत. नऊ वेळांचा कागद २७ तारखेच्या आधी लातूरला पोचला होता.

राजशेखर

मंजू, मी मावशी. मी तुला चूक खोडायला शिकवलं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं. अंगठ्याचंही तसंच कर. ये.

*

मुखेड,
१० डिसेंबर

राजूदादा, मावशी,

हे पोस्टानं वेळेत पोचणार नाही. सिंधुबाईंचे भाऊ लातूर गाडीवर कंडक्टर आहेत, ते तुझ्या दुकानात आणून देतील.

आधी दुरुस्त्या.

मागच्या पत्रात मी लिहिलं की भावजींनी अक्कांना मारलं ‘तीन की चार’ वेळा. मी मोजले नाहीत, हे खोटं होतं. चार. पाचव्याला हात वर गेला तेव्हा यूपीएस वाजला.

दुसरी दुरुस्ती त्याहून मोठी आहे. एप्रिलपासून एकतीस वेळा मी त्याच खोलीत होते. अंधारात खुर्चीवर बसून होते. तोंडावर मारताना वेगळा आवाज येतो आणि पाठीत मारताना वेगळा, हे मला पाठ आहे. मेन पुन्हा लागला की अक्का उठून फरशी पुसायच्या आणि मी शटर वर करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन विचारायचं, काल काय अर्धवट राहिलं ते तपासू का? मी बटण दाबायचे. हे मी कुणाच्या धाकानं करत होते असं मला लिहिता आलं असतं. भीती होती. पण आपल्यावर येत नाही तोवर बरं, असंही होतं. जबाबात हेही सांगणार आहे.

रविवारी मालक आले होते. त्यांना सगळं सांगितलं, डिस्कचं सोडून. ते माझ्या प्लास्टरकडे बघत म्हणाले, “अण्णा तापट हाय. घरातलं घरात ठिव. वहिनी घरी आल्या की मी त्याला समजावतो.”

मी विचारलं, “कधी समजावलं होतं याआधी?”

“तू मला उलटं बोलायलीस?”

“विचारायलेय.”

ते उठून बाहेर गेले. जेवायच्या वेळेला आले.

अक्कांना शनिवारी, १३ तारखेला, घरी आणणार आहेत. भावजी काल दुकानात हसत गिऱ्हाईकाला म्हणाले, “बायकोचं तोंड तारेनं बांधलंय, सहा आठवडे शांतता हाय बघा.” ते गिऱ्हाईकही हसलं. संध्याकाळी मला एकटीला म्हणाले, “ती घरी आल्यावर बघतो कागद कुणाला मागायली होती ते.” म्हणजे दवाखान्यात अक्कांनी कुणा नर्सकडे तरी कागद मागितला आहे.

डिस्क सत्तावीस टक्क्यांवर अडकते आणि टक-टक करते. चार दिवस भावजी स्वतःच चालू करून, बटण दाबून, शिव्या देऊन चालवत होते. कालपासून बंद ठेवलंय. रविवारी उदगीरचा माणूस नवी डिस्क बसवायला येणार, जुनी फेकून देणार. ते मला म्हणाले, “तुझ्या दादाला विचारू नको आता. लई शहाणा हाय तो.”

म्हणून माझ्याकडे शनिवारच्या आधीचा वेळ आहे.

उद्या, गुरुवारी, दुपारी भावजी दोन तास तहसीलला जातात. स्क्रू काढायचा सराव मी सिंधुबाईंच्या गिरणीच्या झाकणावर डाव्या हातानं केला आहे. पहिल्यांदा चार स्क्रूंना अकरा मिनिटं लागली, काल सहा. झाकण पुन्हा लावून ठेवीन. डिस्क भाकरीच्या फडक्यात, वर अक्कांसाठी म्हणून दोन भाकरी आणि दाण्याची चटणी. अक्कांना चावता येत नाही हे सासऱ्यांच्या लक्षात येणार नाही.

प्लास्टर दाखवायला नांदेडला जायचं आहे असं घरी सांगितलंय. सोबत सिंधुबाई येत आहेत. सासरे म्हणाले, “जा.” थोडं थांबून म्हणाले, “परत कधी?” मी पीठ मळत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या जाण्याचं विचारताना तरी त्यांचे डोळे उघडे होते.

दादा, तू माझी पत्रं, पाकिटांसकट, आणि तो नऊ वेळांचा कागद घेऊन ये. जिथं मी चुकीचं लिहिलं आहे ती पत्रंही आण. चुकीचं वाचता आलं नाही तर बरोबर केलेलं कळणार नाही. मावशीला आण. आपण दवाखान्यातच भेटू, अक्कांच्या खाटेपाशी. अक्कांच्या हातात मी आधी वही आणि पेन देणार आहे, मग तिथल्या पोलीस चौकीत पुरवणी जबाब. माझा डावा अंगठा जिथं आहे, तिथं खाली मी डाव्या हातानं सही करीन. सात दिवस गिरवते आहे. ‘मं’ अजून वाकडा येतो, पण वाचता येतो.

चार माणसं आणू नकोस. भावजींचे हात मला तसेच हवे आहेत, त्यांनी काय केलं ते सांगितल्यावर ते सगळ्यांना बघता यावेत म्हणून.

मुखेडहून शुक्रवारी सकाळी साडेसहाची गाडी. भावजी नऊला दुकान उघडतात आणि आठवडाभर गिऱ्हाईक अडलंय म्हणून मशीन एकदा तरी लावून बघतील. त्या दिवशी डिस्क तपासू का, असं ते विचारणार नाही. डिस्कच सापडत नाही म्हणेल. तोवर मी नांदेडला पोचलेली असेन.

एक गोष्ट राहिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्लास्टर दाखवायची तारीख १५ डिसेंबर आहे. घरी मी १२ सांगितली आहे. ही एक चूक मी दुरुस्त करणार नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर.

मंजुश्री